छोटी आरव्ही की कार्गो ट्रेलर : अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

तंबू टाकून बरीच वर्षं फिरून झालं, मुलं मोठी झाली, उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि दर सहलीला मोटेलच्या दोन-दोन खोल्या शोधायचा कंटाळा येतो. मग घरात हा विषय निघतो. एकाला छोटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, हवी असते. दुसऱ्याने कुठेतरी कार्गो ट्रेलरचा, म्हणजे सामान वाहायच्या बंद ट्रेलरचा, केलेला कॅम्पर पाहिलेला असतो आणि हे काम आपल्याच गराजमध्ये थोडक्या पैशात होईल असं त्याला वाटतं. दोघांचंही बरोबर असू शकतं. मला या बाबतीत जे प्रश्न सतत विचारले जातात ते इथे घेतले आहेत.

माझं मत आधीच सांगते. कोरडी, बंद, अंथरूण कायम घातलेली खोली गाडीमागे हवी असेल तर कार्गो ट्रेलरसारखी चांगली गोष्ट नाही. संडास, न्हाणी, गरम पाणी, सांडपाण्याच्या टाक्या हे सगळं हवं असेल तर नीट ठेवलेली जुनी छोटी आरव्ही घ्या. कार्गो ट्रेलरमध्ये अख्खी आरव्ही बांधायला निघालेल्यांचे पैसेही जातात आणि दोन उन्हाळेही जातात.

छोटी आरव्ही म्हणजे नेमकी कोणती?

या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली व्हॅन. रॅम प्रोमास्टर, फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटर घेऊन तिच्यात घर बसवलेलं असतं. तिला क्लास बी म्हणतात. दुसरी म्हणजे गाडीमागे ओढायचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर. तिसरी टीअरड्रॉप : झोपायचं आत आणि स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर.

कार्गो ट्रेलर ही सामान वाहायची बंद पेटी. पोलादी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड, छताला एखादा दिवा, बाजूला एक दार आणि मागे उतारासारखं खाली पडणारं रॅम्प किंवा दोन झडपांचं दार. सुतार, बागकामवाले, मोटरसायकलवाले ती वापरतात. इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात आरव्हीही बनतात आणि कार्गो ट्रेलरही. जॉर्जियातल्या डग्लस गावाच्या आसपासही कार्गो ट्रेलरचे बरेच कारखाने आहेत.

आमच्याकडे सिएना आहे (किंवा ओडिसी, हायलँडर, आरएव्ही-फोर). ती ओढेल का?

सगळ्यात आधी विचारायला हवा तो हा प्रश्न, आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. ट्रेलर बुक झालेला असतो आणि मग कळतं की गाडी बदलावी लागणार.

टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी यांची ओढण्याची कमाल मर्यादा ३,५०० पौंड आहे. पेट्रोलवरची हायलँडर ५,००० पौंडांपर्यंत जाते, तिची हायब्रिड ३,५०० पर्यंत. होंडा पायलट ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर ५,०००, नसेल तर ३,५००. आरएव्ही-फोर आणि सीआर-व्ही यांची बहुतेक मॉडेल्स १,५०० पौंडांच्या आसपास थांबतात. त्यांच्यामागे हलका टीअरड्रॉप शोभेल, कार्गो ट्रेलरचा कॅम्पर नाही. आपल्या गाडीचं वर्ष आणि मॉडेल पाहून पुस्तिकेतला आकडा वाचा, कारण एकाच नावाच्या दोन गाड्यांत फरक असतो.

हा आकडा मात्र अर्धाच आहे. दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो : माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन सोसेल. हाच पेलोड. ट्रेलरचा जो भार हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, पडतो, ज्याला टंग वेट म्हणतात, तोही या पेलोडमध्येच मोजायचा. ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलू नये म्हणून त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावाच लागतो.

हिशेब करून पाहू. स्टिकरवर १,२०० पौंड आहे असं धरा. नवरा-बायको मिळून ३३०, आई-बाबा २८०, दोन मुलं १२०. झाले ७३०. भरलेला ट्रेलर २,६०० पौंडांचा असेल तर १२ टक्क्यांनी टंग वेट ३१२. बेरीज १,०४२. उरले १५८ पौंड, आणि त्यात हिच, सगळ्यांच्या बॅगा, कूलर, खाऊचे डबे. म्हणजे ३,५०० पौंड ओढू शकणाऱ्या गाडीला २,६०० पौंडांचाच ट्रेलर लावला आणि तरीही गाडी काठावर आली. कुटुंब मोठं असेल तर आधी पेलोड संपतो, ओढण्याची मर्यादा नंतर येते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. सहा फूट रुंद आणि उभं राहता येईल एवढी उंच पेटी म्हणजे हायवेवर वाऱ्याला आडवी धरलेली भिंत. पुढचं तोंड व्ही आकाराचं घेतलं तर थोडा फरक पडतो, थोडाच. गोलसर फायबरग्लास ट्रेलर आणि टीअरड्रॉप इथे सरस ठरतात.

अंदाजावर जाऊ नका. महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपांवर ‘कॅट स्केल’ नावाचे वजनकाटे असतात. थोडक्या पैशात पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. सहलीचं सगळं सामान भरून एकदा तिथे जाऊन या.

ट्रेलरला ब्रेक लागतात का?

बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या आसपास ब्रेक बंधनकारक होतात. म्हणूनच बाजारातल्या एका आसाच्या (ॲक्सलच्या) कितीतरी कार्गो ट्रेलरांवर भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन २,९९० पौंड असं छापलेलं दिसतं. आस खरं तर ३,५०० पौंडांचा असतो. कॅलिफोर्नियात राहायच्या ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच ब्रेक लागतात.

कायदा काहीही म्हणो, मुलाबाळांना घेऊन घाटरस्त्याने उतरणार असाल तर इलेक्ट्रिक ब्रेक घ्याच. कारखान्यातून मागवताना त्याचे काही शे डॉलर जास्त पडतात. गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचा जोड बसवावा लागतो. मिनीव्हॅनला बहुधा चार पिनांचा जोड असतो, त्यात ब्रेकची तार नसते. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, रस्त्यावरच्या पाटीवर ६५ किंवा ७० लिहिलेलं असलं तरी.

खर्चाचा खरा फरक किती?

ढोबळ आकडे सांगते. राज्य, वर्ष आणि तुमची घासाघीस यांप्रमाणे ते हलतात.

नवी क्लास बी व्हॅन सहज एक लाख डॉलरच्या वर जाते. नवा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर पंधरा ते तीस हजारांत येतो, फायबरग्लासचा बराच महाग. जुना, दहाबारा वर्षांचा, नीट ठेवलेला ट्रेलर आठ ते पंधरा हजारांत शोधता येतो. सहा बाय बाराचा नवा कार्गो ट्रेलर साधारण चार ते सहा हजारांत मिळतो.

इथे माणसं फसतात, कारण ती सहा हजार आणि तीस हजार यांची तुलना करतात. रिकाम्या पेटीत राहता येत नाही. छताचा पंखा, दोन खिडक्या, इन्सुलेशन, आतलं लाकूडकाम, बॅटरी, वायरिंग, गाद्या, दाराचं कुलूप हे धरून साधं, नीटनेटकं काम करायला अजून तीन ते पाच हजार धरा. तेवढ्यावर थांबलात तर दहा हजारांच्या आसपास तुमच्या मापाचा, नवाकोरा, न गळणारा कॅम्पर तयार होतो. हा सौदा मला अजूनही फार चांगला वाटतो. त्यात एसी, पाण्याच्या टाक्या, पंप, गीझर, न्हाणी, कॅसेट टॉयलेट, इन्व्हर्टर घालत गेलात तर तुम्ही जुन्या आरव्हीच्या किमतीच्या पलीकडे जाता. शिवाय विकायला काढल्यावर घेणारा तुमच्या कामाचे पैसे देत नाही, तो पेटीचे देतो.

कर्जाचाही मुद्दा आहे. आरव्हीला बँका दहा-पंधरा वर्षांचं कर्ज देतात. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली आरव्ही तारण ठेवून कर्ज घेतलं असेल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, नियमांत ती दुसरं घर म्हणून बसू शकते आणि व्याजाची वजावट मागता येते, अर्थात तुम्ही वजावटी तपशीलवार लावत असाल तर. कार्गो ट्रेलर बहुतेक लोक रोखीनेच घेतात. माझ्या मते ते बरंच आहे.

उन्हाळ्यात आई-बाबा येतात. त्यांच्यासाठी काय बरं?

बहुतेक मराठी घरांत निर्णय इथेच ठरतो, म्हणून जरा सविस्तर.

सत्तरीच्या माणसाला तीन गोष्टी लागतात : गुडघ्याच्या उंचीचा पलंग, रात्री पाच पावलांवर संडास आणि धरून चढता येईल अशी पायरी. बहुतेक छोट्या आरव्हींत कोपऱ्यातला पलंग तिन्ही बाजूंनी भिंतीत अडकलेला असतो. आत झोपलेल्याला उठायचं असेल तर बाहेरच्याला ओलांडून यावं लागतं. जेवायच्या टेबलाचा जो पलंग होतो, तो रोज रात्री मांडायचा आणि सकाळी मोडायचा. आई-बाबा एक शब्द बोलणार नाहीत, पण त्यांना ते जड जातं.

कार्गो ट्रेलर इथे चांगला वळवता येतो. सात बाय चौदाच्या पेटीत दोन्ही भिंतींना लागून दोन स्वतंत्र पलंग बसतात, मध्ये चालायला वाट राहते आणि उंची तुम्ही ठरवता. मागचं रॅम्प दार घेतलं तर ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना उतारावरून सावकाश आत जाता येतं. खाटेच्या डोक्याशी भिंतीत पकडायचा दांडा बसवा. आतल्या सांगाड्याच्या पट्टीत स्क्रू गेला पाहिजे. नुसत्या प्लायवूडवर माणसाच्या वजनाचा भरवसा ठेवू नका.

पण संडासाच्या बाबतीत आरव्ही जिंकते. ट्रेलरमध्ये पोर्टेबल टॉयलेट ठेवता येतं, पडदा किंवा छोटी खोली करता येते. तरीही ज्यांना वयामुळे रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, त्यांना दार बंद होणारी, दिवा असलेली, हात धुवायची सोय असलेली जागा लागते. आई-बाबा तुमच्याबरोबर दर उन्हाळ्यात बरेच दिवस फिरणार असतील तर मी आरव्हीच सुचवीन. ते एखाद्या सहलीलाच येणार असतील तर ट्रेलर बांधा आणि त्या सहलीपुरती आरव्ही भाड्याने घ्या.

आणि एवढ्या माणसांना एकाच छोट्या पेटीत झोपवायचा अट्टहास करू नका. आई-बाबा आत, तुम्ही आणि मुलं शेजारी तंबूत, ही व्यवस्था दोन्ही बाजूंना सुखाची असते.

मुलांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवता येतं का?

नाही. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये प्रवासी बसवायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे, आणि जिथे ती नाही तिथेही बसवू नका. कार्गो ट्रेलरमध्ये तर विचारच नको. व्हॅनमध्ये सीटबेल्ट असलेल्या जागांवर बसता येतं, पण क्लास बी घेताना बेल्ट मोजा. कित्येकींत दोनच माणसांची सोय असते.

संडास आणि पाण्याची सोय कशी करायची?

आरव्हीत संडासाची टाकी आणि सांडपाण्याची टाकी वेगवेगळी असते. ती डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या ओतायच्या ठरलेल्या जागी, नळी लावून रिकामी करावी लागते. पहिल्यांदा किळस येते, मग हातमोजे घालून पाच मिनिटांत होणारं काम होतं. आपल्याला पाण्याची सवय असल्यामुळे टाकी इतरांपेक्षा लवकर भरते, हे धरून चला. हाताने दाबायची छोटी फवारणीची बाटली ठेवली तर पाणी खूप वाचतं.

कार्गो ट्रेलरला मी टाक्या लावूच नका म्हणते. पिण्याचं आणि वापराचं पाणी पाच-सात गॅलनच्या डब्यांत, पोर्टेबल टॉयलेट, अंघोळ कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात. वीस गॅलन पाण्याचंच वजन १६७ पौंड भरतं. थंडीत पाइप फुटायची भीती नाही, हिवाळ्यापूर्वी अँटिफ्रीझ घालायचं काम नाही.

स्वयंपाक आत करायचा की बाहेर?

बाहेर. दोन्ही गाड्यांबाबत हेच उत्तर.

आरव्हीच्या छोट्या शेगडीवर चहा होतो, पोहे होतात, मॅगी होते. पण मोहरी तडतडली, हिंग पडला, कांदा परतला की तो वास गादीच्या कापडात, पडद्यांत आणि छताच्या अस्तरात बसतो आणि पुढच्या सहलीपर्यंत राहतो. तळण तर आत कधीच नको. तेलाची वाफ थंड भिंतीवर बसते, आणि एवढ्याशा जागेत कढई लवंडली तर पळायला वाट नसते.

कार्गो ट्रेलरच्या मागच्या दाराशी सरकतं टेबल केलं तर फार सुखाचा ओटा होतो. वर ताडपत्रीची कनात, खाली दोन बर्नरची प्रोपेन शेगडी, बाजूला मसाल्याचा डबा. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, गूळपापडी, सुकी चटणी घरून नेली की दोन-तीन दिवस फोडणीपलीकडे फारसं काही करावं लागत नाही.

प्रेशर कुकर मात्र सोडू नका. यलोस्टोन लेकचा परिसर समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांवर आहे. तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तास-तास शिजत राहते आणि गॅस संपतो. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या जास्त दिल्या की वरण होतं.

अस्वलांच्या मुलखात अन्न, भांडी, अगदी टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नसते. बंद पत्र्याचा ट्रेलर इथे तंबूपेक्षा बरा. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये तर कडक भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी आहे. कापडी भिंतीचे पॉप-अप चालत नाहीत.

कार्गो ट्रेलर घेताना काय पाहू?

लांबी-रुंदीच्या आधी उंची पाहा. आतली उंची सहा फूट असलेला ट्रेलर स्वस्त असतो. पण जमिनीवर आणि छताला एक-एक इंच इन्सुलेशन लावलं की सहा फुटी माणसाचं डोकं आपटतं. साडेसहा फूट मागवा. मिनीव्हॅन असेल तर पाच बाय दहा किंवा सहा बाय दहा पुरे. सहा बाय बाराचा रिकामा ट्रेलर साधारण १,२०० ते १,५०० पौंडांचा असतो, त्यात तुमचं काम आणि सामान वाढतं. सात बाय चौदा बहुधा दोन आसांचा येतो, त्याला मोठी एसयूव्ही किंवा पिकअप लागते.

सांगाड्याच्या पट्ट्या १६ इंचांवर आहेत की २४ इंचांवर, हे विचारा. १६ चा ट्रेलर पुढे आत काहीही बसवताना कामी येतो. छत एकसंध ॲल्युमिनियमचं घ्या, सांध्यांचं नको. बाहेरचा पत्रा ०.०३० इंचाचा असेल तर ०.०२४ पेक्षा कमी पोचतो. खिडक्या आणि छताच्या पंख्याची १४ बाय १४ इंचांची चौकट कारखान्यातूनच बसवून घ्या. नव्या ट्रेलरच्या छताला स्वतः करवत लावायची भीती तर वाचतेच, शिवाय भोकाभोवती नीट आधाराची पट्टी येते.

जुना घेत असाल तर आत उभं राहून दार लावून घ्या. दिवसाढवळ्या आत अंधार असताना कुठून प्रकाश येतो ते पाहा. जिथून प्रकाश येतो तिथून पाणी येतं. टायरवर चार आकडी खूण असते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, नवे घ्या.

इन्सुलेशन किती लावायचं? आत घाम सुटतो म्हणतात.

सुटतो. थंड रात्री बंद पेटीत माणसं झोपली की श्वासातली वाफ पोलादाच्या पट्ट्यांवर आणि पत्र्यावर पाणी होऊन बसते. सकाळी गादीच्या खालची बाजू ओली लागते, आणि आठवड्याभरात बुरशी.

एक इंच फोमचे तक्ते भिंतीत बसवा. पॉलिआयसो नावाचा फोम एका इंचाला साधारण आर-६ देतो (आर म्हणजे उष्णता अडवायचं माप), गुलाबी किंवा निळा एक्सपीएस आर-५. फायबरग्लासची लोकर नको, ती ओली होते आणि खाली बसते. पण फोम पट्ट्यांच्या मध्ये बसतो, आणि थंडी पोलादी पट्टीतूनच आत येते. म्हणून पट्टीवरून पातळ फोमची फीत लावून मग आतलं पॅनेल ठोका.

हे सगळं करूनही हवा खेळती नसेल तर उपयोग नाही. छताचा पंखा मंद सुरू आणि खाली एक खिडकी दोन बोटं उघडी, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवा.

वीज किती लागेल?

लोक या विषयावर फार वेळ घालवतात. दिवे, पंखा आणि फोन एवढंच असेल तर १०० अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि छतावर २०० वॅटचं सोलर पॅनेल पुरतं. त्या बॅटरीत साधारण १,२८० वॅट-तास असतात. ५,००० बीटीयूचा खिडकीतला छोटा एसी साडेचारशे वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तीन तासांत बॅटरी संपली. एसी हवा असेल तर विजेची जोडणी असलेली कॅम्पग्राउंडची जागा घ्या. इंडक्शनचंही तेच. या बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायच्या नसतात, म्हणून हिवाळ्यात आत ठेवा. प्रत्येक तारेला फ्यूज हवाच.

कार्गो ट्रेलरमध्ये झोपणं सुरक्षित आहे का?

बदल केल्यावर आहे. जसा येतो तसा नाही.

कित्येक कार्गो ट्रेलरच्या बाजूच्या दाराला बाहेरून पोलादी दांड्याचं कुलूप असतं. आत माणूस असताना बाहेरून कोणी तो दांडा फिरवला तर आतल्याला दार उघडता येत नाही. मागचं दारही बाहेरूनच उघडतं. आतून उघडणारं आरव्हीचं कुलूप बसवल्याशिवाय एक रात्रही आत कोणाला झोपवू नका. बाहेरचा दांडा काढून टाका किंवा उघड्या जागी अडकून राहील असा पक्का बांधा. दुसऱ्या टोकाला एक खिडकी अशी हवी की जिच्यातून तुमच्या घरातला सगळ्यात जाड माणूस बाहेर पडू शकेल. कारखान्याच्या आरव्हीत आणीबाणीची खिडकी नियमानेच दिलेली असते.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर, दाराजवळ आग विझवायचं नळकांडं. शेगडी, कोळशाची शिगडी किंवा जनरेटर झोपताना आत किंवा खिडकीखाली नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नोंदणी, विमा आणि कॅम्पग्राउंड यांत अडचण येते का?

थोडी. कार्गो ट्रेलरची नोंदणी मालवाहू म्हणून होते. काही राज्यांत तपासणी करून कॅम्पर म्हणून बदलून मिळते, काहींत तशी सोय नाही. नोकरीमुळे राज्य बदलायची शक्यता असेल तर आहे तशीच ठेवलेली बरी. ओढत असताना दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा गाडीच्या विम्यात येते, पण ट्रेलरची स्वतःची मोडतोड किंवा चोरी येत नाही. ती वेगळी घ्यावी लागते, आणि घरी केलेल्या कामाची किंमत ठरवताना कंपन्या काचकूच करतात. म्हणून प्रत्येक पावती आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जपा.

राष्ट्रीय उद्यानं, राज्यांची उद्यानं आणि राष्ट्रीय जंगलं इथे सहसा कोणी विचारत नाही. बीएलएम या सरकारी भूखात्याच्या मोकळ्या जमिनीवर तर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. महागडी खासगी आरव्ही रिसॉर्ट्स मात्र घरी बनवलेल्या किंवा दहा वर्षांहून जुन्या गाड्या नाकारू शकतात.

एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) ट्रेलर उभा करू देईल का?

बहुधा नाही. नियमावली आधी वाचा. उभं राहता येईल असा कार्गो ट्रेलर सात फुटी गराज दारातून आत जात नाही, टीअरड्रॉप कदाचित जाईल. भाड्याच्या जागेचा महिन्याचा खर्च खर्चाच्या यादीत आजच लिहा.

जुनी आरव्ही घेताना सगळ्यात मोठा धोका कोणता?

पाणी. लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा किंवा पॅनेल आणि वर रबरी छत असलेल्या गाड्या सांध्यांतून गळतात, आणि आत कुजलेलं लाकूड बाहेरून दिसत नाही. कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, पलंगाखालच्या कप्प्यांत बोटाने दाबून पाहा. मऊ लागलं की परत फिरा, किंमत कितीही उतरली तरी.

म्हणूनच मला फायबरग्लासचे छोटे ट्रेलर आवडतात. दोन मोठे साचे एकमेकांवर जोडलेले असतात, त्यामुळे सांधे कमी. कॅनडात विनिपेगला १९६८ साली बोलर नावाने ही पद्धत रुजली. मिनेसोटाचा स्कॅम्प आणि टेक्ससचा कसिटा ही तिचीच पुढची भावंडं. पन्नास वर्षांचे ट्रेलर अजून रस्त्यावर आहेत. तेरा फुटी स्कॅम्प मिनीव्हॅनच्या आवाक्यात बसतो. किंमत उतरत नाही, ही घेताना अडचण आणि विकताना सोय.

बांधायला वेळ किती लागतो?

शनिवार-रविवार काम करणाऱ्या, हाताला थोडीफार सवय असलेल्या माणसाला साधं काम एका हिवाळ्यात होतं. मुलांचे क्लास, मराठी शाळा आणि गणपती सांभाळून. कामाची आवड नसेल तर पैसे वाचतात म्हणून यात पडू नका. अर्धवट ट्रेलर ड्राइव्हवेवर उभा राहिला की घरात त्यावरून रोज बोलणी होतात. आवड असेल तर मुलांना बरोबर घ्या. टेप लावून माप घेणं, वायर सोलणं, फ्यूज कशाला असतो हे समजून घेणं त्यांना जन्मभर पुरतं.

घेण्यापूर्वी एकदा छोटी आरव्ही भाड्याने घेऊन लांब शनिवार-रविवार काढा. आणि रिकाम्या कार्गो ट्रेलरमध्ये पंखा-खिडकी बसवून, हवेच्या गाद्या टाकून एक-दोन सहली करा, मगच लाकूड कापा. पलंग कुठे हवा ते तेव्हा कळतं.

हेच भारतात परतल्यावर करता येईल का?

इथल्यासारखं, गराजमध्ये, नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या बांधणाऱ्याकडूनच काम करून घ्यावं लागतं. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणात किंवा सह्याद्रीत फिरायचं असेल तर विकत घेण्यापेक्षा चालकासह भाड्याची कॅरॅव्हॅन घ्या, आणि रात्री कुठे थांबायचं, तिथे पाणी व वीज आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून ठरवा.